साडेसव्वीस इंचाची गिटार

दिनांक अठरा जानेवारी, रविवार, सकाळचे अकरा. रक्कम नऊ हजार दोनशे चाळीस रुपये. हजर: मी, माझी बायको आणि आमची मुलगी. जागा: पांढुर्ण्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. विषय: इलेक्ट्रिक गिटार दुकानातून न आणता सुटे भाग मागवून घरी जोडणे. ठराव एक विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. ते एक मत माझं होतं.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षांपासून ती एक जुनी लाकडी गिटार वाजवते, आणि बरी वाजवते असं ऐकणारे म्हणतात. मला सुरातलं कळत नाही, मला आकड्यातलं कळतं. तिला आमच्या विहाराच्या गाण्याच्या मंडळात यायचं होतं. जयंतीला, म्हणजे चौदा एप्रिलला, मंडळाचा कार्यक्रम असतो. मंडळात ढोलकी, पेटी, कीबोर्ड आणि चार गाणारे, सगळे पुरुष. बाया मागे बसून टाळ्या धरतात आणि कार्यक्रम संपला की जेवणाची भांडी घासतात. याला मंडळात सर्वांचा सहभाग म्हणतात.

मुलगी अध्यक्षांना जाऊन भेटली. अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि पेटी तेच वाजवतात. मी सोबत होतो.

"पोरी, हे तुही लाकडी गिटार मंडपात कोणाले ऐकू येईन?" ते म्हणाले. "ढोलकी सुरू झाली का तू वाजवून राहिली का खाजवून राहिली, पब्लिकले काईच समजणार नाई. करंटवाली आण. मंग पाहू."

"पाहू म्हणजे घेता न, काका?"

"पाहू म्हणजे पाहू."

नागपूरच्या दुकानात करंटवाली साडेसतरा हजाराला होती. मुलीने शिकवण्या घेऊन सहा हजार जमवले होते, वरचे मी घालणार होतो. पण मी बावीस वर्षांपासून सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. रोज बसने अप-डाउन करतो, आणि बसमध्ये माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. मी मोबाइलवर एकेका भागाची किंमत काढली. मान तीन हजार एकशे पन्नास. आवाज ओढणाऱ्या चुंबकांची तयार प्लेट दोन हजार दोनशे नव्वद. खुंट्या, घोडी, तारा, स्क्रू, धडाचं लाकूड आणि मिस्तरीची मजुरी, सगळं मिळून नऊ हजार दोनशे चाळीस. म्हणजे आठ हजार दोनशे साठ रुपयांची शुद्ध बचत. गिटार मी जन्मात हातात धरली नव्हती, ही गोष्ट या हिशेबात कुठे बसत नव्हती, म्हणून मी ती धरली नाही.

"दुकानवाला बह्याड हाय का साडेसतरा हजार घ्याले?" बायकोने विचारलं.

"तो जोडाईचे पैसे घेते."

"मंग त्याले जोडता येते म्हणूनच घेते न."

बायको अंगणवाडीत आहे. तिला लहान मुलांना समजावायची सवय आहे, त्यामुळे पुढे ती काही बोलली नाही.

तीन आठवड्यांत अकरा पार्सलं आली. मानेचं खोकं लांबोडकं होतं. ते आणणाऱ्याने दारातूनच विचारलं, "भाऊ, बंदूक बोलावली का?" गल्लीत दोन दिवस मला जरा जास्त मान मिळाला.

धड करायला मी जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावच्या मिस्तरीकडे गेलो. मिस्तरी सत्तरीला आलेले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी संत्र्याच्या पेट्या ठोकल्या. आता संत्री पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जातात, म्हणून ते दिवाण आणि चौकटी करतात. एका चौकटीतून उरलेली सागाची फळी त्यांच्याकडे होती. मी मोबाइलवरचा नकाशा दाखवला.

"जाडी पंचेचाळीस मिलिमीटर," मी म्हणालो.

"चौदा सूत म्हणा न."

"मान बसवायचा खड्डा सोळा मिलिमीटर."

"पाच सूत. सीधं बोलत जा, भाऊ. मिलिमीटर डॉक्टरले सांगा."

एका इंचाचे आठ सूत. मी तिथेच कागदावर करून पाहिलं, मिस्तरी एका मिलिमीटरच्या आत बरोबर होते. त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. पण मग मी त्यांचा टेप पाहिला. टेपचं पुढचं टोक तुटलेलं होतं. पहिला इंच जवळजवळ नव्हताच.

"याचं काय करता?"

"एकावरून धरतो. मंग एक वाढवतो. संत्र्याले कुठं समजते?"

संत्र्याला समजत नसेल, गिटारीला समजतं हे मी वाचलं होतं. मानेच्या वरच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिथून तार सुरू होते. खाली धडावर घोडी असते, तिथे ती संपते. या दोहोंतलं अंतर साडेपंचवीस इंच पाहिजे. ते चुकलं की सगळं चुकलं. माझ्या मनात आलं, सत्तर वर्षांचा माणूस, एक इंच वाढवायचा विसरला तर? माणसाला सांगितलं की तो विसरतो, हा माझा जिनिंगमधला अनुभव आहे. त्यापेक्षा आकडाच बदलून दिला की प्रश्न मिटतो. म्हणून मी चिठ्ठीवर घोडीचं अंतर साडेसव्वीस इंच लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मिस्तरीला काही सांगितलं नाही. घरी येताना पुलावर मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात धड तयार झालं. मिस्तरींनी मान बसवून, घोडी स्क्रूने कसून, पॉलिश मारून दिलं. प्लेट आणि घोडी यांच्यात बोटभर मोकळी जागा दिसत होती. मला ती डिझाइन वाटली. सागाचं वजन किती झालं ते पाहावं म्हणून मी जोडलेली गिटार एकदा पोत्यात घालून सौंसरला नेली आणि जिनिंगच्या काट्यावर ठेवली. पाच किलो चारशे ग्रॅम. काट्यावरच्या हमालाने विचारलं, "साहेब, याच्यात ओल किती टक्के धरू?" कापसाला धरतात ना, तशी.

वायरी मी स्वतः जोडल्या. चारशे ऐंशीचं सोल्डरिंगचं यंत्र घेतलं, जे नऊ हजार दोनशे चाळीसमध्ये नव्हतं. एक स्विच जाळला, तोही नव्हता. इलेक्ट्रिक गिटारीला आवाजासाठी वेगळा स्पीकर लागतो, ही माहिती मला सर्वांत शेवटी मिळाली. बायकोने ती पहिल्याच दिवशी विचारली होती, पण प्रश्न म्हणून विचारली होती, सूचना म्हणून नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले की विहाराच्या माइकच्या मशीनला ती जोडता येईल. घरापुरता मुलीने जुना रेडिओ कामाला लावला.

बावीस मार्चला मी तारा चढवल्या. मोबाइलमध्ये सूर मोजायचं ॲप असतं. एकेक तार पिळत गेलो. सहा तारा, सहा हिरवे दिवे. हिशेब जुळला. मी गिटार मुलीच्या हातात दिली आणि खुर्ची ओढून समोर बसलो, जसा ऑडिटर गेल्यावर बसतो.

तिने मोकळ्या तारा छेडल्या. छान. मग तिने बोटं ठेवली.

मला सुरातलं कळत नाही हे मी वर लिहिलंच आहे. तरी मला कळलं. बायको आतून तवा घेऊन बाहेर आली.

"काय पडलं?"

"काई नाई पडलं," मी म्हणालो. "ते वाजवून राहिली."

मुलीने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मोकळी तार बरोबर, बोट ठेवलं की सूर बसका. वर वर जावं तसा जास्तच बसका. मी ॲप काढलं, सहा तारा पुन्हा तपासल्या. सहाही हिरव्या. म्हणजे यंत्र बरोबर होतं, हे सिद्ध झालं. उरलं काय? उरली बोटं.

"तू नीट दाबत नाईस," मी म्हणालो. "लाकडीची सवय हाय तुले. हे वेगळं असते."

"असं असते, पप्पा?"

"असते."

तिने जोरात दाबलं. जोरात दाबलं की तार ताणली जाते आणि सूर थोडा वर येतो, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी सूर थोडा वर आला आणि माझा सिद्धांत पक्का झाला. "पाहा," मी म्हणालो. "दाबल्यानं होते."

ती दाबत राहिली. सकाळी कॉलेजच्या आधी एक तास, संध्याकाळी दोन तास. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना आधीच घट्टे होते, आता त्यांवर फोड आले. ती बोटांना चिकटपट्टी लावून वाजवायची. मी सौंसरहून येताना पट्टीचा डबा आणला. वडिलांनी प्रोत्साहन द्यायला हवं असं मानणाऱ्यांपैकी मी आहे.

अठ्ठावीस मार्चला विहारात पहिला सराव झाला. दुसऱ्या कडव्याला अध्यक्षांनी पेटीवरचा हात उचलला.

"पोरी, तुहा सूर लागून नाई राहिला."

"काका, मी प्रॅक्टिस करून राहिली."

"दिसून राहिलं. पण प्रॅक्टिस गाण्याची कर, आमच्या कानाची नको करू." ढोलकीवाला हसला, मग कीबोर्डवाला हसला. अध्यक्ष तसे दुष्ट नाहीत. ते म्हणाले, "तेरा तारखेले शेवटचा सराव. तोवर लागला तर ठीक. नाई तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी ती पांढुर्ण्यात असेल की नोकरीसाठी नागपूरला, हे कोणालाच माहीत नव्हतं. परत येताना गिटार तिने मला धरू दिली नाही. पाच किलो चारशे ग्रॅम स्वतःच्याच खांद्यावर आणली. दारात चप्पल काढताना म्हणाली, "पप्पा, मले येतच नाई वाटते. लाकडीवर आपलं असंच चालून जात असन."

मी म्हणालो, "मेहनत कर." माझ्याकडे दुसरा सिद्धांत नव्हता.

अकरा एप्रिलला, शनिवारी, मी कामावरून लवकर आलो तर ती आईचा शिवणाचा टेप घेऊन बसली होती. गिटार मांडीवर आडवी, टेप तारेवर ताणलेला.

"पप्पा, मानेवरच्या आडव्या पट्ट्यांतली बारावी पट्टी म्हणजे तारेचं बरोबर अर्धं असते न?"

"हो." हे मी वाचलं होतं.

"वरून बाराव्या पट्टीपर्यंत पावणेतेरा इंच. तिथून घोडीपर्यंत पावणेचौदा." तिने टेप माझ्याकडे दिला. "हे अर्धं नाई."

मी मोजलं. मग माझी स्टीलची पट्टी आणून मोजलं. पावणेतेरा आणि पावणेचौदा, साडेसव्वीस. बावीस वर्षं लोकांच्या बेरजा तपासणाऱ्या माणसाने वीस दिवस सहा तारांची बेरीज तपासली नव्हती. पोरीची बोटं तपासली होती. पण ही गोष्ट मला लगेच सुचली नाही. लगेच सुचले मिस्तरी.

"तरी मी म्हणत होतो," मी म्हणालो, "त्या टेपात घोळ हाय."

अर्ध्या तासात आम्ही दोघं गिटार घेऊन सावरगावला. मिस्तरींच्या दुकानात दिवाण बघायला आलेलं एक जोडपं बसलं होतं. त्यांच्यासमोर बोललो, मुद्दाम.

"मिस्तरी, एका इंचाची चूक केली तुमी."

त्यांनी चष्मा काढला. "कोणत्या इंचाची?"

"घोडी साडेपंचवीसवर पायजे. तुमी साडेसव्वीसवर बसवली."

भिंतीला एक वाकडी तार टांगलेली होती, तिच्यात सगळ्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. मिस्तरींनी माझी काढली. अक्षर स्वच्छ होतं, माझंच होतं. साडेसव्वीस, खाली दोन रेघा.

"हे काय व्हय?"

"तो टेपवरचा आकडा. तुमचा टेप एक इंच तुटका, म्हणून मी तो इंच धरून लिहिला."

मिस्तरी चिठ्ठी घेऊन जोडप्याकडे वळले. "पाहा बाप्पा. टेप माहा, तुटला माहा, अन् इंच धरला यायनं."

"तुमी विसरान म्हणून..."

"चाळीस वर्षं झाले, मी हा इंच रोज धरतो. जेवण विसरन, इंच नाई विसरत. साडेसव्वीस लिहिलं, मी साडेसत्तावीसवर खूण केली. गिटार साडेसव्वीस भरली. मोजा." त्यांनी चिठ्ठी परत तारेला टोचली. "मले सांगतलं काहून नाई?"

याला उत्तर होतं, पण ते दिवाण घ्यायला आलेल्या लोकांसमोर देण्यासारखं नव्हतं. त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता, हे ते उत्तर. इंच दोघांनीही धरला होता. त्यांनी त्यांच्या सवयीने, मी माझ्या हुशारीने.

मुलगी पुढे आली. ती म्हणाली, "म्हणजे माहे बोटं बरोबर होते."

मिस्तरींनी तिचा हात ओढून उजेडात धरला. पट्ट्या, फोड, एका बोटावर वाळलेलं रक्त. "हे कायचं?"

"पप्पा म्हणे जोरात दाब."

जोडप्यातल्या बाईने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मिस्तरींनी विचारलं, "जयंती कधी?"

"मंगळवारी. पण सोमवारी सराव हाय, तेव्हाच ठरवते."

त्यांनी घोडीचे स्क्रू काढले, जुन्या छिद्रांत सागाच्या गुल्ल्या गोंद लावून ठोकल्या आणि म्हणाले, "आज वाळू द्या. उद्या एक इंच समोर घेतो. प्लेटले चिकटून बसन, बरोबर." म्हणजे ती बोटभर जागा डिझाइन नव्हती. रविवारी त्यांनी घोडी बसवायच्या आधी टेप माझ्या हातात दिला. "तुमीच मोजा. मोठ्यानं बोला." मी मोठ्याने मोजलं. मागे गुल्ल्यांचे पाच गोल डाग राहिले, ते राहतीलच.

मी तारा चढवल्या. मुलीने बोट ठेवलं, हलकं. मग दुसरं. बायको या वेळी तवा घेऊन बाहेर आली नाही. दारात उभी राहून ऐकत राहिली.

सोमवारी विहारात जाताना मुलगी म्हणाली, "तिथं तुमी सांगायचं. मी नाई सांगणार."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

मी सांगितलं. अध्यक्ष, ढोलकीवाला, कीबोर्डवाला, चार गाणारे आणि मागच्या बाया, सगळ्यांसमोर. चिठ्ठी, टेप, साडेसव्वीस. बोटांचंही सांगितलं, कारण ते सोडून दिलं असतं तर पोरीने आठवण करून दिली असती.

"म्हणजे वीस दिवस पोरगी बेसूर," अध्यक्ष म्हणाले, "अन् खरा बेसूर बाप!" या वेळी ढोलकीवाल्याला हसायला बराच वेळ लागला. मागच्या बायाही हसल्या, टाळ्यांपेक्षा जोरात. मग अध्यक्षांनी पेटी ओढली. "चाल पोरी. दाखव."

तिने दाखवलं. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं, पेटीवरचा हात उचलला गेला नाही. गाणं संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ठीक हाय. दोन गाणे."

"चार, काका."

"दोन."

चौदा तारखेला मंडपात तिने दोन गाणी वाजवली. गिटार सर्वांना ऐकू आली. मागे बसलेल्या बायांपैकी एकीने टाळ्या सोडून मोबाइल काढला आणि आख्खं गाणं चित्रित केलं. कार्यक्रमानंतर अध्यक्ष मुलीला म्हणाले, "आवाज जरा जास्त व्हता." पुढच्या सरावाची तारीखही तिला त्यांनीच सांगितली.

पंधरा एप्रिलला मी सावरगावला गेलो. दुरुस्तीचे पैसे मिस्तरींनी रविवारी घेतले नव्हते. "पयले वाजू द्या," म्हणाले होते.

"किती झाले?"

"शंभर."

मी शंभराची नोट दिली. त्यांनी पन्नास परत केले.

"इंच दोघाईनं धरला. अर्धा माहा."

मी म्हणालो की चूक पूर्ण माझी आहे, हिशेबाने शंभर माझ्याकडेच निघतात.

"तुमचा हिशेब पाह्यला मी," मिस्तरी म्हणाले. "ते पन्नास पोरीले द्या. बोटाच्या मलमाले."

त्या दिवशी शेवटी दिलेली रक्कम: सावरगावच्या मिस्तरींना पन्नास, मुलीला पन्नास. मिस्तरींनी नोट न पाहता खिशात घातली. मुलीने तिची उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी तपासून घेतली.